बाईंच्या आवडत्या कादंबरीतला खून

चष्मेवाल्यांनी त्या दुपारी एक अगदी छोटा निर्णय घेतला. खिशातला चष्मा खिशातच ठेवायचा.

कारण साधं होतं. त्यांच्या चष्म्याची डावी दांडी मोडून बरेच महिने झाले होते आणि ती पांढऱ्या चिकटपट्टीनं बांधलेली होती. ज्या माणसानं चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलं, काचा घासल्या, वाकड्या फ्रेमा सरळ केल्या, कुणाच्या नाकावर काय शोभेल ते मान तिरकी करून सांगितलं, त्याच्याच नाकावर चिकटपट्टी! घरात चालून जायचं. पण समोर वाचनालयाचा हॉल भरलेला होता आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक नाकावर चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हातानं बसवलेला चष्मा होता. एवढ्या गिऱ्हाइकांसमोर ती पट्टी मिरवायची म्हणजे दुकानाची अब्रू गेली. (दुकान त्यांचं नव्हतं, ते तिथे नोकरीला होते. पण अब्रूची काळजी मालकापेक्षा नोकरालाच जास्त असते.)

खरं तर चष्मेवाल्यांनी तिथे उभं राहायचं काहीच कारण नव्हतं. त्यांचा पुस्तकांशी संबंध एवढाच, की ती वाचायला लोकांना चष्मा लागतो. वाचणाऱ्या होत्या त्यांच्या बायको. त्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या, त्यामुळे सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. वर्षाच्या शेवटच्या रविवारी वाचनालयात एक कार्यक्रम व्हायचा. प्रत्येकानं उठायचं आणि वर्षभरात वाचलेलं सगळ्यात आवडतं पुस्तक कुठलं आणि सगळ्यात नावडतं कुठलं, ते सांगायचं. बाई त्या रविवारची वाट पाहायला जानेवारीतच सुरुवात करायच्या.

आणि यंदा नेमका त्यांचा घसा बसला. बसला म्हणजे पार बसला. शाळेच्या नाटकाच्या तालमीत ओरडून ओरडून आवाज गेला, आणि घशाच्या डॉक्टरांनी बजावलं, "आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

बाईंचा चेहरा असा पडला की चष्मेवाल्यांना राहवेना.

"अगं, त्यात काय? मी सांगतो तुझ्या वतीनं," ते म्हणाले.

बाईंनी संशयानं पाहिलं. मग दोन पानं भरून सगळं नीट लिहून दिलं, कागदाची घडी त्यांच्या खिशात घातली आणि खिशावर दोनदा थोपटलं.

कार्यक्रम रंगात आला होता. निवृत्त पोस्टमास्तरांनी एका रहस्यकथेवर तोफ डागली होती. "त्यातलं पत्र आज टाकलं की उद्या सकाळी पोचतं! रविवारीसुद्धा! लेखकानं निदान पोस्टात येऊन चौकशी करायची!" दातांच्या डॉक्टरीणबाईंना एक प्रेमकथा अजिबात आवडली नव्हती, कारण नायिका पानोपानी चॉकलेटं खाते आणि तरी तिचे दात मोत्यासारखे. "तिसऱ्या प्रकरणात तिची दाढ काढायला लागायला हवी होती," असं त्या गंभीरपणे म्हणाल्या होत्या.

आणि मग ग्रंथपालबाईंनी पुकारलं, "आता बाईंच्या वतीनं चष्मेवाले!"

चष्मेवाले उठले. खिशात हात घातला. हाताला आधी चष्मा लागला, चष्म्याला पट्टी लागली, आणि तो निर्णय झाला.

"आणा, मी वाचून दाखवू का?" त्यांनी बाहेर काढलेला कागद पाहून ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"छे छे! कागद कशाला?" चष्मेवाल्यांनी घडी पुन्हा खिशात सारली. "मला सगळं पाठ आहे."

आता हे पूर्णपणे खोटं नव्हतं. रोज जेवणं झाली की बाई मोठ्यानं वाचायच्या आणि चष्मेवाले आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. अधूनमधून "हं" म्हणायचे. झोपेत असतानाही योग्य जागी "हं" म्हणायची कला त्यांनी इतक्या वर्षांत अशी कमावली होती की त्यांना स्वतःलाही आपण जागे आहोत असं वाटायचं. त्यामुळे त्यांना बऱ्याच पुस्तकांच्या सुरुवाती येत होत्या. बाकीचं काही येत नव्हतं.

"बाईंना यंदा सगळ्यात आवडलेली कादंबरी," त्यांनी घसा साफ करून सुरुवात केली, "म्हणजे एका विधवेची गोष्ट आहे. तिचा नवरा दीपगृह सांभाळायचा. तो समुद्रात बुडाला. आता तिथला दिवा ती लावते."

लोक सरसावून बसले. दुसऱ्या रांगेत मधोमध बसलेल्या बाईंनीही मान डोलावली. इथपर्यंत बरोबर होतं.

"तर एके दिवशी..." चष्मेवाले म्हणाले, आणि थांबले. एके दिवशी काय झालं ते त्यांना कधीच कळलेलं नव्हतं. त्या दिवशी ते झोपले होते.

त्यांनी आशेनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी छातीपाशी खिशाच्या जागी बोटं आपटली. कागद काढा, कागद!

"तिच्या छातीत धस्स झालं," चष्मेवाले म्हणाले.

बाईंनी डोळे विस्फारले आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. नाही, नाही!

"कारण वादळ आलं! लाटा कशा? या अशा!" चष्मेवाल्यांनीही हात हलवले. त्यांना आता गंमत वाटायला लागली होती. बायको सुचवतेय, आपण सांगतोय, चाललंय की झकास!

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. याच बोटानं तिसरीचा सगळा वर्ग चिडीचूप व्हायचा.

"आणि मग एकदम शांतता," चष्मेवाले आवाज खाली आणून म्हणाले. हॉलमध्ये कुणी श्वास घेईना.

शेवटचा उपाय म्हणून बाईंनी गळ्यावरून बोट आडवं फिरवलं. बंद करा!

चष्मेवाले क्षणभर चरकले. इतक्या गरीब वाटणाऱ्या कादंबरीत असं काही असेल याची त्यांना कल्पना नव्हती. पण बायको सांगतेय म्हणजे असणारच.

"खून!" ते ओरडले. "गळा चिरून!"

"अरे बाप रे," पोस्टमास्तर म्हणाले. "कुठे?"

बाई बोटानं खाली, खाली असं दाखवत होत्या. बसा खाली!

"तळघरात!"

"दीपगृहाला तळघर?"

"होतं. तेच तर कुणाला माहीत नव्हतं."

बाईंनी डोकं दोन्ही हातांत धरलं. चष्मेवाल्यांनी तेही वाया जाऊ दिलं नाही. "ती बिचारी डोकं धरून बसली. कारण खुनी कोण ते तिला कळलं होतं."

"कोण?" हॉलच्या चारी कोपऱ्यांतून आवाज आले.

बाईंनी डोकं वर केलं आणि अंगातला सगळा राग एका बोटात आणून ते थेट चष्मेवाल्यांवर रोखलं. तुम्ही! तुम्ही ना!

चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"नवरा!" ते म्हणाले. "तिचा नवराच! तो बुडालेलाच नव्हता!"

पोस्टमास्तर ताडकन उभे राहिले. "म्हणजे ती विधवाच नव्हती?"

"कधीच नव्हती."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मागची खिडकी थरथरली. चष्मेवाले हात जोडून उभे होते. त्यांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याची ही पहिलीच वेळ. (लग्नात वाजल्या होत्या, पण त्या दोघांत वाटून घ्यायच्या होत्या.)

टाळ्या थांबल्या तेव्हा बाईंच्या शेजारी बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या.

"एक मिनिट हं. मला जरा विचित्र वाटतंय," त्या म्हणाल्या. "ही कादंबरी मीही वाचलीय. त्यात खून नाही. तळघरही नाही. तिचा नवरा परत येत नाही. ती रोज दिवा लावत राहते, एवढंच आहे त्यात."

हॉलमध्ये शांतता पसरली. ही मघासारखी शांतता नव्हती. आता चष्मेवाल्यांना सगळं उलगडत होतं. ती बोटं, ते हात, तो गळा. ज्या पुस्तकाबद्दल बोलायला बाई वर्षभर थांबल्या होत्या त्याचा आपण भर सभेत चिवडा केला. आणि आपण वर्षानुवर्षं नुसतं झोपत आलो, हेही आता गावापुढे येणार. गावाचं सोडा. बाईंपुढे येणार.

"बाई, तुम्हीच सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मानेनं सांगा. खून आहे का त्यात?"

सगळे चष्मे बाईंकडे वळले.

बाई म्हणजे कशा? मुलाच्या वहीत एक वेलांटी चुकली तर त्या झोपायच्या नाहीत. वाचनालयाच्या पाटीवरचा चुकलेला रफार त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दुरुस्त केला होता. खोटं त्यांच्याच्यानं होत नसे. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. (अवघड प्रसंगी त्यांना तेवढंच यायचं.)

मग कुजबुज ऐकून त्यांनी डोळे उघडले. बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. घामानं डबडबलेला चेहरा, थरथरणारी हनुवटी. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून त्यांनी ठामपणे मान हलवली. आहे. शंका नको म्हणून पुन्हा एकदा हलवली. आणि सगळ्यांना नीट दिसेल असं, सावकाश, स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"मग मी वाचली ती कुठली?" डॉक्टरीणबाई पुटपुटत खाली बसल्या.

"तुम्ही घाईत पानं उलटली असणार," पोस्टमास्तरांनी सांत्वन केलं.

आता नावडतं पुस्तक राहिलं होतं. तिथे मात्र चष्मेवाल्यांना कुणाच्या खुणांची गरज पडली नाही. पहाटेच्या आधी उठून थंड पाण्यानं आंघोळ करावी म्हणजे माणूस यशस्वी होतो, असं सांगणारं एक जाडजूड पुस्तक बाईंनी पावसाळ्यात आणलं होतं आणि त्याचा पहिला प्रयोग चष्मेवाल्यांवर केला होता. "मी यशस्वी झालो नाही," ते कळवळून म्हणाले. "मला सर्दी झाली." एवढ्या तळमळीनं त्या हॉलमध्ये कुठल्याच पुस्तकाबद्दल कुणी बोललं नसेल. बाई तोंडावर रुमाल धरून गदगदत होत्या. रडतेय बिचारी, असं वाटून चष्मेवाल्यांनी भाषण आवरतं घेतलं.

घरी जाताना दोघं फुटपाथवरून बरोबरीनं चालत होती. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान गेलं, पिठाची गिरणी गेली. पोस्टाच्या पेटीपाशी चष्मेवाले थांबले.

"अगं, तू माझ्यासाठी खोटं बोललीस," ते म्हणाले. "म्हणजे बोलली नाहीस, पण बोललीस. तुझी एवढी लाडकी कादंबरी, आणि तिच्यात माझ्यापायी खून पाडून घेतलास. आणि मी... मी ऐकत नाही गं. झोपतो. तू वाचतेस आणि मी चक्क झोपतो. दुसरी कुणी असती तर तिनं मला तिथेच तोंडघशी पाडलं असतं. तुझे उपकार कसे मानू तेच कळत नाही."

बाईंनी त्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. गिऱ्हाईक असलेले दोघेतिघे वाटेत भेटले तरी सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात एक नवलच झालं. त्या कादंबरीवर उड्या पडल्या. आधी डॉक्टरीणबाईंनी खून शोधायला ती पुन्हा घरी नेली. त्यांच्याकडून पोस्टमास्तरांनी जवळजवळ हिसकावून घेतली. आणि एका सकाळी पोस्टमास्तर चष्म्याच्या दुकानात हजर.

"चष्मेवाले, माझा नंबर बदललाय," ते म्हणाले.

"का? अक्षरं पुसट दिसतात?"

"अक्षरं स्वच्छ दिसतात. खून दिसत नाही."

चष्मेवाल्यांनी जास्त काही न बोलता त्यांना खुर्चीत बसवलं आणि नंबर तपासला. होता तसाच होता.

"राहू द्या," पोस्टमास्तर उठताना म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "खून नाही सापडला. पण ती बाई रोज जिने चढून दिवा लावते ना... आमची ही गेल्यापासून मी घरात संध्याकाळचा दिवाच लावत नव्हतो. कोण येणार आहे म्हणून. काल लावला. तुम्ही सांगितलंत म्हणून वाचली, नाहीतर मी असलं पुस्तक हातात धरलं नसतं. बरं झालं." आणि ते चटकन निघून गेले.

चष्मेवाल्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाईंचे डोळे भरून आले. वर्षभर त्या वाचनालयात ज्याला त्याला ही कादंबरी वाचा म्हणून सांगत होत्या आणि डॉक्टरीणबाई सोडल्या तर कुणी हात लावत नव्हतं. चष्मेवाल्यांना तर वाटलं, आपल्या हातून आयुष्यात निदान एक गोष्ट बरी झाली, आणि तीही बायकोच्या कृपेनं.

आठवडा संपला. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि बोलायची परवानगी दिली. चष्मेवाले दवाखान्यातून घरी येईपर्यंत बाईंच्या तोंडाकडे पाहत होते. इतक्या दिवसांनंतरचं पहिलं वाक्य! काय म्हणेल? त्या दिवशी पोस्टाच्या पेटीपाशी आपण एवढं मन मोकळं केलं, त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

बाई घोटभर कोमट पाणी प्यायल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज जरासा खरखरीत होता, पण चष्मेवाल्यांना तो इतका गोड कधीच वाटला नव्हता.

"बोल ना."

"तुम्ही झोपता म्हणून एवढं वाईट नका वाटून घेऊ. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे मला ते."

"आणि तरी तू रोज माझ्यासाठी मोठ्यानं वाचतेस?" चष्मेवाल्यांनी भारावून विचारलं.

"मग काय करणार? जागे असलात की तुम्ही मध्ये मध्ये बोलता. तुम्ही घोरायला लागेपर्यंतच मी मोठ्यानं वाचते. मग मनातल्या मनात सुखानं वाचत बसते." बाईंनी आणखी एक घोट घेतला. "आणि त्या कादंबरीला तर तुम्ही दुसऱ्याच पानावर झोपलात. उगाच नाही ती मला यंदा सगळ्यात आवडली."