वीस मिनिटांचा कॅमशाफ्ट, तीन मिनिटांचा नियम

ओहायोतल्या एल्म ग्लेन वसाहतीच्या नियमावलीत कलम सतरा असे आहे: 'जे वाहन सलग बहात्तर तास स्वतःच्या बळावर हलू शकत नाही, ते निकामी समजण्यात येईल व उचलून भंगारात देण्यात येईल.' कलम अठरा असे: 'उभ्या वाहनाचे इंजिन तीन मिनिटांहून अधिक काळ चालू ठेवता येणार नाही.' दोन्ही कलमांचा जनक एकच. वेंडल ग्रूबर, वय अठ्ठावन्न, विमा कंपनीत नोकरीला, नियमसमितीचा अकरा वर्षांचा अध्यक्ष.

दोन्ही कलमं त्यानं एकाच माणसासाठी जन्माला घातली होती. शेजारचा लॉइड पिकेट रोज सकाळी साडेसहाला मोटारसायकल सुरू करून दहा दहा मिनिटं दारात धडधडत ठेवायचा, आणि ती बिघडली की महिनाभर तिची आतडी अंगणात पसरून बसायचा. वेंडल त्याला तोंडावर एक अक्षर बोलला नाही. एल्म ग्लेनमध्ये तोंडावर बोलायची पद्धतच नाही. तिथं हात हलवायचा, "काय सुंदर हवा पडलीय!" म्हणायचं, आणि घरात जाऊन तक्रार लिहायची. सहाव्या नोटिशीला लॉइडनं मोटारसायकल विकली आणि विजेवर चालणारी गाडी घेतली.

आणि इथंच घोडं पेंड खातं. वेंडलकडे बापाची लाल गाडी होती, एकोणसत्तर सालची, आठ सिलिंडरची. बापानं तिला पोटच्या पोरासारखं जपलं होतं; खरं सांगायचं तर पोटच्या पोरापेक्षा जास्तच. मे महिन्यात एका रविवारी चर्चहून येताना सिग्नलला लॉइडची गाडी शेजारी येऊन उभी राहिली. दिवा हिरवा झाला. लॉइड गेलासुद्धा! आवाज नाही, धूर नाही. शेजारच्या सीटवर त्याचा कुत्रा बसला होता, तो मात्र मान वळवून लांबपर्यंत वेंडलकडे बघत राहिला.

वेंडलनं त्या दिवशी जेवताना बटाट्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा कॅमशाफ्ट मागवला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला उंचवटे असलेला दांडा. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा नि कधी मिटायचा, हे तोच ठरवतो. इंजिनाची नियमसमितीच म्हणा ना. उंचवटे मोठे, तर ताकद मोठी. चाळीस घोड्यांची ताकद वाढेल, असं जाहिरातीत लिहिलं होतं. शनिवार-रविवारचं काम आहे, असंही लिहिलं होतं.

शनिवारी रेडिएटर निघाला. रविवारी पुढच्या पुलीचा बोल्ट निघेना. सोमवारी, मंगळवारीही निघेना. वेंडल ऑफिसमधून आला की गॅरेजचं दार उजेडासाठी सताड उघडं ठेवून त्या बोल्टशी झटायचा, आणि येणारेजाणारे हात हलवून म्हणायचे, "वा वेंडल, काम जोरात!"

बुधवारी रजिस्टर टपालानं नोटीस आली. ती पाठवणाऱ्या, वसाहतीच्या अध्यक्षा बेव्हर्ली ऑस्ट्रँडरबाई दोन घरं सोडून राहत होत्या. कलम सतरा; शनिवारी सकाळी दहाला समितीसमोर गाडी चालू करून दाखवावी, अन्यथा ट्रक येईल. खाली नियमसमितीच्या अध्यक्षाची छापील सही होती: वेंडल ग्रूबर.

"भाषा बाकी चोख आहे," वेंडल बायकोला म्हणाला.

"अरे, भाषेला काय करायचंय! अपील कर ना," डार्लीन म्हणाली.

त्यानं रीतसर अपील केलं. अपिलावर निर्णय नियमसमितीच्या अध्यक्षानं द्यायचा असतो. अध्यक्षानं म्हणजे वेंडलनंच गुरुवारी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि फेटाळलं.

"स्वतःचंच अपील फेटाळलंस?" डार्लीननं कपाळाला हात लावला.

"मग काय पक्षपात करू? अकरा वर्षांत एक अपील मंजूर केलेलं नाही मी. आणि अर्जदारानं दिलेलं कारण अगदीच फुसकं होतं."

बोल्ट गुरुवारी संध्याकाळी सुटला. शुक्रवारी रजा टाकून वेंडलनं नवा कॅमशाफ्ट बसवला, सगळं परत जोडलं, आणि मग सोबत आलेला कागद वाचला. एल्म ग्लेनमध्ये इतरांना पाठवायचे कागद आधी वाचतात, स्वतःला आलेले शेवटी. कागदात लिहिलं होतं: पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन सलग वीस मिनिटं जोरात फिरत ठेवावे. मध्येच बंद केल्यास उंचवटे घासून सपाट होतील.

"मग रस्त्यावर ने की वीस मिनिटं," डार्लीन म्हणाली.

"कॉलनीतून बाहेर पडायलाच पाच मिनिटं लागतात, आणि आत ताशी पंधरा मैलांच्या वर जाता येत नाही. इंजिन जोरात फिरायचं कसं?"

"हा नियम कुणी केला?"

वेंडलनं कागदाची नीट घडी घातली.

शनिवारी दहाला समितीचे सहा सभासद घडीच्या खुर्च्या आणि डोनटचा खोका घेऊन अंगणात हजर झाले. ट्रकवाला कोपऱ्यावर इंजिन बंद करून थांबला, कारण कलम अठरा. बेव्हर्लीबाईंच्या हातात स्टॉपवॉच होतं.

वेंडलनं किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली, आणि काय तो आवाज! खुर्च्या थरथरल्या. बाप असता तर आज पहिल्यांदा पाठीवर थाप मारली असती, असं त्याला मनापासून वाटलं.

"बाई, वीस मिनिटं द्या!" तो ओरडला. "आत्ता बंद केली तर मेली ती!"

"अहो वेंडल, एका माणसासाठी अपवाद करता येत नाही, हे तुम्हीच लिहून ठेवलंय. काय सुरेख लिहिलंय!" बाई ओरडल्या. "एक मिनिट झालं."

तेवढ्यात कुंपणापलीकडून लॉइड ओरडला, "कलम अठराच रद्द करा ना! रहिवासी म्हणून मी सूचना मांडतो. बापाची गाडी आहे त्याची, चालू ठेवू द्या बिचाऱ्याला!"

वेंडलला गलबलून आलं. ज्याला आपण सहा नोटिसा धाडल्या, तो देवमाणूस निघाला. बाईंनी तिथल्या तिथं मत घेतलं. तीन हात बाजूनं, तीन विरुद्ध.

"दोन मिनिटं वीस सेकंद. निर्णायक मत तुमचं, वेंडल."

वेंडलनं हात अर्धा उचलला.

"बरं झालं बाबा!" लॉइड आनंदानं म्हणाला. "मीही एक मोटारसायकल बघून ठेवलीय. जुन्यापेक्षा दणकट आहे. आजच घेऊन येतो!"

वेंडलचा हात तिथंच थबकला. त्यानं बापाच्या गाडीकडे पाहिलं. मग लॉइडच्या रिकाम्या अंगणाकडे पाहिलं.

"दोन पंचावन्न."

"विरुद्ध," वेंडल म्हणाला आणि त्यानं किल्ली उलटी फिरवली.

टाळ्या पडल्या. गाडी चालू स्थितीत असल्याचा दाखला वेंडलला रजिस्टर टपालानं मिळाला; खाली सही अर्थात त्याचीच. कॅमशाफ्ट कागदात सांगितल्याप्रमाणं सपाट झाला. चाळीस घोडे वाढायचे राहिले, होते त्यातलेही निम्मे मेले. आता गाडी चढावर खोकते, आणि सिग्नलला सायकलीसुद्धा तिच्या पुढे निघून जातात. वेंडल गॅरेजमध्ये तिच्याशेजारी बसून रडला, हे डार्लीननं पाहिलं. पण सकाळी साडेसहाला तो गाढ झोपलेला असतो, हेही तिनंच सांगितलं.

तुम्हाला वेंडल मूर्ख वाटला असेल, तर हरकत नाही. फक्त तुमच्या वरच्या मजल्यावरचे, समोरच्या दारातले किंवा तुमच्या जागेत गाडी लावणारे जे कुणी आहेत, त्यांना एकदा डोळ्यांसमोर आणा, आणि सांगा, तुमचा हात वर गेला असता?