भाऊसाहेबांची दुपारची यात्रा

आमचे भाऊसाहेब रोज दुपारी जेवण झालं की काशीला जातात. कधी रामेश्वरला, कधी द्वारकेला. चहाच्या वेळेपर्यंत परत येतात.

त्यासाठी त्यांना फार काही लागत नाही. काचीगुडा स्टेशनजवळच्या एका गल्लीत त्यांच्या यात्रा कंपनीचं ऑफिस आहे. मी तिथे बुकिंग बघतो. मोडीत निघालेल्या एका बसची दोघांची सीट त्यांनी भिंतीला लावून ठेवली आहे. भाऊसाहेब तिच्यावर अलीकडच्या बाजूला बसतात, टोपी नाकापर्यंत ओढतात आणि डोळे मिटतात. पलीकडची, खिडकीकडची जागा रिकामी असते. खिडकी म्हणजे काय, भिंतीवरचं कॅलेंडर! पण तिथे कोणी बसलेलं त्यांना खपत नाही. एकदा एक गिऱ्हाईक चुकून टेकलं, तर म्हणाले, "उठा हो, ती सीट बुक आहे."

डोळे उघडले की "चला, पोचलो," म्हणायचं आणि स्वप्न सांगायला लागायचं. तेवढा वेळ ऑफिसचं काम बंद. फोन वाजला तरी वाजू द्यायचा. "काय सांगू बापू, नदीवर नुसतं धुकं. होडीवाला दिसत नाही, त्याचं गाणं तेवढं ऐकू येतंय." त्यांचा आवाज असा हलका व्हायचा, की समोर बिलांचा ढीग असूनही माझ्या पायांना पाणी लागल्यासारखं वाटायचं. मी तसा स्वप्नाबिप्नांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तरी ऐकायचो.

गंमत अशी, की हा गृहस्थ स्वतः कुठल्याच यात्रेला कधी गेलेला नाही. मालक यात्रा कंपनीचा, पण गावातली मूसी नदी ओलांडतानाही त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. "भाऊसाहेब, एकदा खरंच जाऊन या की," असं आम्ही डिवचलं, की ठरलेलं उत्तर यायचं, "घाई कशाची? गाडी आपलीच आहे." हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. बस बंद पडली तरी हेच, आणि माझा पगार लांबला तरी हेच.

कंपनी खरी चालायची ती यादगिरीवर. यादगिरी आमचा टूर मॅनेजर. म्हाताऱ्या माणसांना घाट उतरवणं, त्यांच्या गोळ्या सांभाळणं, रुसलेल्यांना जेवायला बसवणं, सगळं तोच करायचा. लोक कंपनीचं नाव विसरायचे, पण फोनवर पहिला प्रश्न हाच असायचा, "यादगिरी येणार ना?"

प्रत्येक यात्रेहून आला की तो सरळ भाऊसाहेबांसमोर बसायचा आणि त्याची उलटतपासणी सुरू व्हायची. कुठल्या पायरीवर शेवाळ होतं? चहात आलं होतं की नाही? देवळात कोण रडलं? यादगिरी न कंटाळता सांगायचा आणि शेवटी तीर्थाची छोटी बाटली पुढे करायचा. "अम्मा के वास्ते." अम्मा म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. त्यांना आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. "तब्येत जरा नरम असते," एवढंच भाऊसाहेब सांगत.

आणि एके दिवशी हा यादगिरी म्हणाला, "साब, ये काशीका टूर आखरी. इधरीच गच्चीबावलीमें एक कंपनीकी बसां देखने का काम मिला. शाम कू घर."

"घाई कशाची..." भाऊसाहेब म्हणाले. पुढचं वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची स्वप्नं बिघडली. इकडे यादगिरी त्या शेवटच्या यात्रेची तयारी करत होता आणि तिकडे भाऊसाहेबांच्या स्वप्नात यादगिरीविना निघालेल्या यात्रांचे हाल चालले होते. प्रयागला सगळी मंडळी भलत्याच होडीत चढली. द्वारकेला एक आजोबा दुसऱ्याच कंपनीच्या पंगतीत जेवून त्यांच्याच बसने निघून गेले. रामेश्वरला तर आचाऱ्याने सांबारात साखर घातली. हे सगळं यादगिरीकडे तिरप्या नजरेने बघत सांगायचं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साब, मैं गया नै अभी, और आप रोज लोगां कू डुबा रै!"

मग भाऊसाहेबांनी मला पुढे केलं. "बापू, तुझं ऐकेल तो. त्याला म्हणावं, काय हवं ते माग." मी यादगिरीला इराणी हॉटेलात घेऊन गेलो, माणुसकी, जुने संबंध वगैरे बरंच बोललो. तो बिस्किट चहात बुडवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मालिक अच्छा है, काम बी अच्छा है. पर बापूसाब, दूसरों के अम्मा-बावा कू घाट पे पकडते पकडते मेरी अम्मा कू मैं कब पकडूं?"

मी आणखी एक बिस्किट मागवलं.

तो काशीहून परतला त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी काहीच विचारलं नाही. शेवाळ नाही, चहा नाही. बाटली पुढे केली तर म्हणाले, "शेवटची म्हणून देणार असशील तर नको मला." छत्री उचलली आणि चालत बाहेर पडले. लहान मुलासारखे रुसले होते, दुसरं काय! यादगिरी बाटलीकडे बघत म्हणाला, "अम्मा का पानी है. घर पे देके आता मैं. चलते क्या?"

माझ्या स्कूटरवरून आम्ही त्यांच्या आधीच गौलीगुड्याला त्यांच्या घरी पोचलो. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत खिडकीला लावून पलंग होता आणि त्यावर भाऊसाहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पडून होत्या. पांघरुणाखालचे पाय हलत नव्हते, आणि ते आजचं नव्हतं, हे माझ्यासारख्यालाही कळलं. खिडकीच्या कट्ट्यावर त्याच छोट्या बाटल्या ओळीने लावलेल्या. वहिनींनी यादगिरीच्या हातातली बाटली पाहिली आणि चेहरा उजळला.

"यादगिरी ना तुम्ही? या, या. सगळ्या घाटांवर माझा हात तुम्हीच तर धरता!"

यादगिरीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

"रोज संध्याकाळी हे मला यात्रेला नेतात," वहिनी म्हणाल्या. "मी खिडकीकडे, हे शेजारी. यांच्या हातात सामान असतं, म्हणून पायऱ्या उतरताना हात तुमचा. पण तुम्ही जाणार म्हणालात, तेव्हापासून कुठे निघणंच नाही. म्हणतात, पायऱ्या ओल्या आहेत, तुला उतरवणार कोण?"

"दुपारच्या स्वप्नातलंच सांगत असतील," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

वहिनी हसल्या. "त्यांना कुठली आलीय दुपारी झोप! डोळे मिटून गोष्ट जुळवतात ते. मला काय कळत नाही होय, हे कुठे गेलेले नाहीत ते? पण मला सांगता सांगता त्यांचा डोळा लागतो. एरवी रात्र रात्र जागे. आता यात्रा बंद, म्हणजे तीही झोप गेली."

इतकी वर्षं मी ती रिकामी सीट बघत होतो आणि माणसाला हसत होतो.

दारात चपला वाजल्या. भाऊसाहेब आम्हाला बघून उंबऱ्यातच थांबले, चोरी पकडल्यासारखे. मग यादगिरीने पलंगापाशी स्टूल ओढलं आणि वहिनींचा हात हातात घेतला.

"चलो अम्मा. धीरे. ये पायरी सूखी है, अगली पे जरा शेवाळ है, मैं बोलता तब पैर रखो. होडी खडी है. धुंध है, पर होडीवाला गा रहा..."

भाऊसाहेब शेजारच्या खुर्चीत टेकले. आधी ताठ बसले होते. होडी प्रवाहात जाईपर्यंत त्यांची मान छातीवर आली आणि टोपी हळूच नाकापर्यंत घसरली. वहिनींनी आम्हाला बोटाने गप्प केलं.

यादगिरी कुजबुजत म्हणाला, "अम्मा, गंगासागर देखना बाकी है आपका. अगले महिने जाके आता मैं, फिर लेके चलता आपकू." मग माझ्याकडे वळला. "बच्चां और मेरी अम्मा के वास्ते बी रहना है मेरेकू. महिने में एकीच टूर करूंगा. साब कू बोल दो, छोडके नै जा रऊं मैं."

जे ऐकण्यासाठी भाऊसाहेबांनी जंग जंग पछाडलं होतं, ते असं त्यांच्यापासून हातभर अंतरावर बोललं गेलं. त्यांनी ते ऐकलं नाही. त्यांना झोप लागली होती.

मी उठवायला पुढे झालो, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या हो. घाई कशाची?"