पंच्याऐंशीवर

आमच्या शेजारचे नाना मंगळवारी गेले. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि साडेआठला गेले. शर्टाच्या खिशात पेन्सिल होती.

ही पेन्सिल आमच्या देवपुरात बऱ्याच घरांना ठाऊक होती. नाना कुणाकडे गेले की आधी चालू कॉम्प्युटरपुढे उभे राहत आणि पडद्यासमोर पेन्सिल झपाझप हलवत. एका पेन्सिलीच्या सुट्या सुट्या पाच-सहा दिसल्या की निकाल लागे, "साठवर शे!" म्हणजे पडदा सेकंदाला साठच वेळा उजळतोय. नानांच्या मते तो पंच्याऐंशी वेळा उजळायला हवा, नाहीतर चित्र थरथरतं आणि डोळे शिणतात. लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात त्यांनी गिऱ्हाइकं थांबवून हे केलं.

"नाना, मुहूर्त टळेल लोकांचा," दुकानदार म्हणाला.

"टळू दे. डोळे तर राहतील."

नानांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. विजेच्या आवर्तनांचा काटा पन्नासवरून हलला की ओरडायचं, हे काम. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. लोक विचारत, कशाला? नाना ताठ मानेने सांगत, "खेळायले."

खेळ एकच, गाड्यांच्या शर्यतीचा. चित्र स्पष्ट ठेवलं की पडदा उजळण्याचा वेग कमी होई, वेग वाढवला की चित्र जाडंभरडं होई. नानांनी जाडंभरडं पसंत केलं. तरीही कधी खेळ उघडला की वेग गुपचूप साठवर घसरे. मग नाना खेळ बंद करून, वेग परत पंच्याऐंशीवर लावून पहिल्यापासून सुरुवात करत.

मी कॉलेजात ग्रंथपाल. घरच्या कॉम्प्युटरवर पुस्तकांच्या याद्या करतो. माझा मॉनिटर जुना. नानांनी त्याला एकदम शंभरवर नेलं. पडदा काळा झाला आणि आतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. माझा हात बटणाकडे गेला.

"नाना, गेला!"

नानांनी माझं मनगट धरलं. "काही गेला नाही. पंधरा मोज."

"आणि नाही आला तर?"

"त्याला झेपलं नाही तर तो पंधरा सेकंदांत आपला आपण मागे येतो. तू मोज, मास्तर."

चौदाला पडदा आला. नानांनी, जणू काही झालंच नाही, अशा आवाजात चहा मागितला.

संध्याकाळी त्यांच्याकडे शर्यत चाले. गाडी अक्का चालवत. नानांची बायको, सावद्याची, केळीच्या बागायतदारांची लेक. जन्मात सायकलही चालवली नव्हती. नाना शेजारी बसून ओरडत, "दाब ना! बठ्ठे पुढे गेले!"

"जाऊ द्या त्यांना. वळणावर गाय आली तर?"

"या खेळात गाय नाही!"

"तुम्हाला काय माहीत?"

अक्का कायम शेवटच्या येत, आणि नाना दुसरी शर्यत लावून देत.

एकदा मी विचारलंच, "नाना, ही थरथर तुम्हाला खरंच दिसते? मला तर काहीच दिसत नाही."

नानांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "माले बी नही दिखस. तिले दिखस."

पहिले दोन महिने पडदा साठवर होता. अक्का खेळून उठत आणि कपाळ दाबून बसत. कधी उन्हाचं नाव सांगत, कधी फोडणीचं. पडद्याचं कधीच नाही. सांगितलं असतं तर नानांनी कॉम्प्युटर परत केला असता.

"इतकी वर्षं काटा पाहिला मी," नाना म्हणाले. "पन्नासचा एकोणपन्नास झाला तरी कळायचं. आणि शेजारी बसलेलं माणूस दोन महिने कपाळ दाबतंय, ते कळलं नाही." मग पेन्सिल खिशात टाकत म्हणाले, "घरोघर कुणीतरी असं गप्प बसलेलं असेल, मास्तर. म्हणून फिरतो."

मंगळवारी डॉक्टर येईपर्यंत नानांचं मनगट मी धरून होतो. पंधरा मोजले. मग परत एकपासून मोजले.

दीड महिन्याने अक्कांनी मला बोलावलं. खेळ उघडून बसल्या होत्या. "बघ ना रे भाऊ, कितीवर आहे," म्हणाल्या आणि पेन्सिल पुढे केली. मी हलवली. साठवर होता. मी खेळ बंद केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आता अक्का रोज संध्याकाळी गाडी चालवतात. वळणावर थांबतात. पेन्सिल मॉनिटरवर असते, आणि पडदा पंच्याऐंशीवर.