महादू हरडाच्या पडवीतला कमळू

कमळूचा हिशेब सरळ होता. पेठेत महिन्याला सहा माणसं मरत. त्यांतली तीन त्याची, तीन वरच्या आळीतल्या दुकानाची. पण २००७ साल उजाडलं आणि आसनगावच्या बाजूला बिल्डिंगी भराभर उठल्या. तिथली माणसंही आज ना उद्या मरणारच, आणि तिरडीचे बांबू कुठं मिळतात हे त्यांच्या शेजाऱ्यांना ठाऊक नसणार! इंटरनेटवर दुकान टाकलं की तिनाची आठ. शिवाय या धंद्यात गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही!

दुकान म्हणजे शहापुरातल्या महादू हरडाच्या घराची पडवी. म्हाताऱ्याने तोंडी दिलेली, भाडं नाही. संध्याकाळी दोन घटका गप्पा मारायच्या, एवढीच अट. मुलगा मुकेश पुण्याला. तो चार वर्षांत फिरकला नव्हता, पडवीत दुकान आहे हेही त्याला माहीत नव्हतं. घर त्याच्या हाती गेलं की आपण रस्त्यावर, हे कमळू जाणून होता. त्यामुळे म्हाताऱ्याच्या खोकल्याची काळजी मुलापेक्षा त्यालाच जास्त!

सायबर कॅफेवाल्या संघरत्नाने दुकानाचं पान बनवलं. शेवटी एक चौकट उरली.

"काका, इथं कीवर्ड टाकायचे. लोक काय लिहून शोधतील ते. बांबू, मडकं, कापड..."

"अगो, मडकं कोण शोधतंय? लोक इचारतात, महादू हरडाच्या पडवीतला कमळू कुठं! तेच टाक. महादू हरड."

"मालाचं नाव पायजे काका, घरमालकाचं नाय."

"कंपूटर तू शिकलीस, धंदा आमी केलाय. पाच येळा टाक!"

तिने टाकलं.

तिकडे मुकेशला एक खोड होती. ऑफिसात रिकामा वेळ मिळाला की इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधायचं. एका गुरुवारी सकाळी त्याने 'मुकेश महादू हरड' टाइप केलं. स्वतः कुठंच सापडला नाही; बाप सापडला! 'महादू हरड. अंत्यविधीचे संपूर्ण साहित्य.' खाली फोन नंबर. त्याने लगेच लावला.

"महादू हरड... तिथूनच ना?"

कमळूला रडवेल्या आवाजांची सवय. "हो हो, तेच! काय बी काळजी करू नका. सगळं तयार हाय."

"मी येईपर्यंत थांबाल ना?"

"थांबतो की! पण उन्हाचे दिवस हायेत, लौकर या."

फोन ठेवून कमळूने आत म्हाताऱ्याला हाक दिली, "नाना, पयलं गिऱ्हाईक! तुमच्या नावावर!"

पाचच्या सुमारास दारात जीप थांबली. मुकेश उतरला, मागून कल्याणहून उचललेली आत्या हौसा. तिने रस्त्यातच गळा काढला, "दादा रे, मला न सांगता गेलास!"

महादू पडवीत पेजेचं वाडगं तोंडाला लावून बसला होता. म्हणाला, "कुठं गेलो?"

हौसाचा सूर अर्ध्यावर अडकला. मुकेश पुटपुटला, "बाबा, तुमी... जिवंत?" त्यात आनंद किती आणि अडचण किती, हे कमळूच्या मुरलेल्या कानाने बरोब्बर तोललं. मग मुकेश पाया पडायला वाकला, आणि काखेतली फाइल घसरली. म्हाताऱ्याने कागद उचलून बोट फिरवत वाचला. वारस नोंदीचा अर्ज. मृत्यूची तारीख, आजची.

"वाटेत केलास?"

"ऑफिसातच... प्रिंटर होता."

"अक्षर छान आलंय," म्हातारा म्हणाला आणि वाडगं बाजूला ठेवलं.

त्या संध्याकाळी तो गप्पांना बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवव्या दिवशी गेला.

कमळूने पुण्याला फोन लावला. "मुकेश, नाना गेले रे. आता खरंच गेले."

मुकेश हळूच म्हणाला, "काका, ऑफिसात माझे वडील एकदा वारलेत. पाच दिवस रजा घेतली, साहेब घरी भेटून गेले. आता परत कसं सांगू?"

दहाव्याला रविवार पडला म्हणून आला. अर्ज तयारच होता, तारीख तेवढी बदलली.

शेवटी कोणाचं काय गेलं? तिरडीचं सामान कमळूचं, खांदा कमळूचा, अग्नीही कमळूने दिला, आणि श्रावण लागायच्या आत पडवीही त्यानेच रिकामी केली. मुकेशची गेली ती पाच दिवसांची रजा!