सरदाराची शिंगं

डोळ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई पंधरा दिवसांसाठी लेकीकडे आल्या, तेव्हा जावयानं त्यांना कादंबरी वाचून दाखवायचं कबूल केलं. त्याचा धंदा पुस्तकबांधणीचा. आयुष्यभर त्यानं पुस्तकं शिवली, चिकटवली, कापली. मोठ्यानं कधी वाचली नव्हती. (मनातल्या मनातही फारशी नव्हती, पण ते सासरी कुणाला माहीत नव्हतं.)

बायकोनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"आईनं आता कायमचं इथंच राहावं असं मला वाटतं. तिकडे एकटी, त्यात डोळा असा. पण जावयाच्या घरी राहायला ती बिचकते. तुमचं दोघांचं जमलं तर राहील."

"मी काय वाकडं वागतो?"

"वाकडं नाही रे, तू तिच्यासमोर वागतच नाहीस. खांबासारखा उभा राहतोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी खांब पुस्तक घेऊन बसला. कादंबरीतला खलनायक म्हणजे धुक्याचा सरदार. टीव्हीवरच्या मालिकेत त्यानं हा सरदार पाहिला होता. डोक्यावर शिंगं, डोळे लाल, हसला की छताची माती खाली पडायची. पुस्तकात तो चाळिसाव्या पानावर आला आणि जावई वाचता वाचता थांबला.

पुस्तकातला सरदार सडपातळ होता. कधी आवाज चढवत नसे. कोमट पाणी घोटघोट पीत असे. राणीच्या महालात शिरून त्यानं खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "असू दे."

समोर सासूबाई कोमट पाणी घोटघोट पीत होत्या. त्याच सकाळी, एका डोळ्याला पट्टी असताना, त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "असू दे."

"का थांबलात?"

"नाही... तर सरदार आला. त्याला दोन शिंगं होती." आणि जावयानं पोटातून गर्जना काढली.

सासूबाई दचकल्या. "बरं. पुढे?"

पुढे सरदारानं झोपलेल्या राणीच्या उशाखालून राजमुद्रा काढून नेली.

"एवढा ओरडत आला आणि राणीला जाग नाही आली?"

"राणीला... ऐकू कमी येतं."

"आणि दारावरचे पहारेकरी?"

"त्यांनाही."

आठवड्याभरात प्रधान, सेनापती आणि राजवाड्यातले दोन्ही कुत्रे ठार बहिरे झाले. जावई घामाघूम होऊन राज्य सांभाळत होता. त्याला विसावा मिळे तो एकाच ठिकाणी. सरदाराचा एक नोकर होता, हातातला दिवा सांडणारा, साध्या प्रश्नाला गडबडणारा. त्याची पानं मात्र तो अक्षर न बदलता, अगदी मोकळ्या आवाजात वाची.

बाराव्या दिवशी पट्टी निघाली. सासूबाईंनी चष्मा लावला आणि पहिलं काम म्हणजे पुस्तक मागून घेतलं. दोन दिवस त्या वाचत होत्या. जावयानं दोन दिवस दुकानात एकाच वहीला तीनदा पुठ्ठा लावला.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

"जावईबापू, राणीला चांगलं ऐकू येतं."

"हो."

"कुत्र्यांनाही."

"हो."

बायको एकदा आईकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. जावयानं मनातल्या मनात सासूबाईंची बॅग स्टँडवर पोचवली होती.

"मला एक सांगा, इतक्या भल्या माणसाला तुम्ही शिंगं का लावलीत?"

"भल्या?"

"नाहीतर काय! अख्ख्या पुस्तकात नीटनेटका असा तो एकटा. चौकटीवर धूळ होती म्हणूनच बोट फिरवलं ना? टाकून तरी बोलला का कुणाला? गचाळ आहे ते राज्य." त्यांनी खोलीभर एक नजर फिरवली. नजर टेबलावर थांबली, कपाटावर थांबली. "लक्ष घालायला कुणीतरी हवंच. मी राहते इथं."

बायकोचे डोळे भरून आले. जावयानंही सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या नादात त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या टेबलावर आडवा झाला.

सासूबाईंनी पुस्तक उचलून सुरक्षित बाजूला ठेवलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तो दिवा सांडणारा नोकर मात्र हुबेहूब वाचलात हं. त्याच्यात काही बदलावं लागलं नाही तुम्हाला."