रंगूतात्यांची चटणीची डबी

आमच्या पेठेतले रंगूतात्या खिशात पाकिटाऐवजी चटणीची डबी बाळगत. पितळी, तपकिरीच्या डबीएवढी, घट्ट झाकणाची. लग्न असो, बारसं असो, नाहीतर दवाखान्यात कुणाला भेटायला जाणं असो, पुढ्यात बशी आली की त्यांचा हात खिशाकडे जायचा. एकदा आमच्या शाळेच्या संमेलनात केक वाटला. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे, आणि पहिल्या रांगेत तात्या केकवर कांदालसणाची चटणी भुरभुरतायत. वर मला मोठ्यांदा म्हणाले, "आत्ता कुठं चव आली बगा, मास्तर!" पाहुणे पुढचं वाक्य विसरले.

तात्यांचं सायकलीचं दुकान होतं. भाड्याच्या सायकली, पंक्चर, हवा. हवा भरता भरता ते जगाशी भांडत. त्यांचं ठरलेलं हत्यार म्हणजे दोन शब्द: "कोण म्हणतंय?" आज उकाडा फार आहे म्हटलं, की "कोण म्हणतंय?" आपल्याकडे मुंबईपेक्षा पाऊस जास्त म्हटलं, तरी "कोण म्हणतंय?" मी आयुष्यभर मुलांना गप्प बसवलं, पण या माणसापुढे माझी मात्रा कधी चालली नाही.

अशा माणसाचा संसार हौसावहिनींनी कसा केला, हे त्या जाणोत. त्या कमी बोलत आणि उत्तम रांधत. डबीतली चटणी त्यांच्याच हातची. दर चैत्रात मिरच्या वाळवायच्या, मसाला भाजायचा, कांडप-गिरणीच्या डंकावर कांडून आणायचा आणि वर्षाची चटणी बरणीत भरायची, हा आमच्याकडे घरोघरचा सोहळा. वहिनींची चटणी मागायला निम्मी पेठ वाटी घेऊन यायची.

मग एका फाल्गुनात वहिनींना टायफॉईड झाला. त्यातून त्या उठल्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. गोड नाही, तिखट नाही, सगळं मातीसारखं. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. तात्यांनी लिंबं आणली, आवळे आणले, त्यांना घेऊन जोतिबाला जाऊन आले, तांबड्या रश्श्याची तर पातेलीच्या पातेली उपसली. काही उपयोग झाला नाही. वहिनी दोन घास खात आणि ताट सारत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

तशातच चैत्र आला. कुणाचं न ऐकता वहिनींनी चटणी केली. आणि मीठ दोनदा टाकलं! एकदा मसाल्यात, एकदा कांडून आणल्यावर. चाखून कळायला जीभच जागेवर नव्हती.

पहिली वाटी आमच्याकडे आली. मी भाकरीला लावली आणि तांब्याभर पाणी प्यालो. संध्याकाळी दुकानावर जाऊन मी तात्यांना म्हणालो, "तात्या, यंदाची चटणी जरा खारट..."

"कोण म्हणतंय?" हातातला पंप त्यांनी आपटला. मग इकडेतिकडे बघून दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, चटणी झकास हाय. हौसाच्या कानावर दुसरं काय गेलं, तर तुमच्या सायकलीला आख्ख्या कोल्हापुरात हवा मिळायची न्हाय."

असा दम त्यांनी घरोघर दिला. सगळी पेठ ती खारट चटणी खाऊन "वा वहिनी!" म्हणायला लागली. माझ्या बायकोनं नवी चटणी करून देते म्हटलं, तर तात्या तिच्यावरही उखडले, "आमच्या घरात चटणी न्हाय व्हय?" आणि ती डबी घेऊन ते पूर्वीसारखेच हिंडत राहिले. मी बघायचो, जेवणाआधी ते पाण्याचे दोन पेले भरून ठेवत.

त्या माघात गावाबाहेरच्या मैदानावर आनंदनगरी आली. आकाशपाळणा, मौत का कुआँ, हसवणारे आरसे, आणि 'देशोदेशीची पंगत' नावाची खाण्याच्या मांडवांची रांगच्या रांग. कोल्हापूरबाहेरच्या जेवणाला 'पेशंटाचं खाणं' म्हणणारे तात्या माझ्या दारात येऊन उभे राहिले. अंगात इस्त्रीचा सदरा, मागे ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या वहिनी.

"चला मास्तर. आपल्या जेवणानं हिची जीभ उठंना, परदेशाच्या जेवणानं उठवू."

इंग्लंडच्या मांडवात उकडलेले बटाटे होते. तात्यांनी एक घास खाल्ला, दुसरा वहिनींना दिला आणि टक लावून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. इटलीनं चीज घातलेली जाड पोळी दिली. "ह्याला पंक्चर काढायचं रबर म्हंत्यात आमच्यात," तात्या म्हणाले, पण चावत राहिले. पुन्हा वहिनींची मान हलली. चारचौघांत बायकोबरोबर एका बशीत खाणारा नवरा बघून दोन म्हातारे कुजबुजले. तात्या गर्रकन वळले, "माझी बायकू हाय! कुणाला काय म्हणायचंय?" दोन्ही म्हातारे हसवणाऱ्या आरशांकडे वळले.

शेवटी चीन. कागदी ड्रॅगनखाली एक चिनी आचारी कढई हलवत होता.

"पावणं, गाव कुठलं?" तात्यांनी विचारलं.

"मलकापूर की!" चिनी म्हणाला. "घ्या वैनी, ह्या शेवया. वर मिरच्या घातलेला शिरका, व्हिनेगर वो, घ्या, झणका हाय."

वहिनींनी घास घेतला. चावता चावता थांबल्या. डोळे मिटले.

"अवो," त्या म्हणाल्या, "आंबट लागतंय."

तात्यांच्या हातातला चमचा खाली पडला. वहिनी भराभर खायला लागल्या, जवळजवळ वर्षानं. अर्धी बशी संपवून म्हणाल्या, "बरं हाय, पर तिखट कमी. डबी द्या बगू."

तात्यांचा चेहरा उतरला. "संपली," ते खिसा दाबत म्हणाले.

"मग ही काय?" वहिनींनी सरळ खिशात हात घातला, डबी उघडली, शेवयांवर चटणी घातली आणि घास तोंडात टाकला. मी आकाशपाळण्याकडे बघायला लागलो. माझ्यात खाली बघायचं धैर्य नव्हतं.

"खारट हाय ही," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "मीठ दोनदा पडलंय माज्याकडनं."

"कोण म्हणतंय?" तात्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ निघाला.

"मी म्हणतीया."

तात्यांनी डबी हिसकावून घेतली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "खारट हाय! माझ्या बायकूला खारट लागलं!" येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ते चिमूट चिमूट चटणी ठेवत सुटले. "पावणं, चाखून बगा! हाय का न्हाय खारट?" जी चटणी खारट म्हणू नये म्हणून त्यांनी सगळ्या पेठेला दम दिला होता, ती खारट आहे असं ते अनोळखी माणसांकडून वदवून घेत होते. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. चिनी म्हणाला, धूर लागला असंल.

परत येताना पेठेच्या तोंडाशी आल्यावर वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"एवढं दिस खाल्लासा. एक शबूद बोलला न्हाईसा."

"त्यात काय?" तात्या पुढे बघत म्हणाले. "तहान चांगली लागायची की."