जखमीचं ऐकायचं नाही

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

आणि तेही कानात कुजबुजून नाही. भरल्या पालकसभेत, एका हातात माइक आणि दुसरा हात खिशात घालून तुम्ही सांगितलंत, की "त्या सर्व्हायव्हल कोर्समधून मुलं काहीही शिकली नाहीत." पालकांनी माना डोलावल्या. डोलावणारच! त्यांच्यातलं कोणीही त्या दिवशी जुन्या खाणीच्या उतारावर हजर नव्हतं. तुम्ही होतात. चांगले आडवे होतात. तेव्हा आता झालं ते झालं तसं ऐकून घ्या, आणि कृपा करून मध्ये बोलू नका. तुमच्या मध्ये बोलण्यापायीच एवढं रामायण झालं.

कोर्सची कल्पना तुमची, शाळेच्या संचालकांची. शेजारच्या शाळेनं घोडेस्वारी शिकवायला घोडा आणला म्हणून तुम्हाला जंगल हवं झालं. तुमच्या केबिनमध्ये तुम्ही चित्रकलेच्या मास्तरांना बोलावून घेतलंत, उभंच ठेवलंत, आणि खुर्ची अर्धी फिरवत म्हणालात, "मास्तर, पुढच्या वर्षी चित्रकलेचे तास ठेवायचे का नाही, यावर विश्वस्तांचं एकमत होत नाहीये. तेवढा हा कोर्स झकास करून दाखवा. मग तुमच्यासाठी शब्द टाकतो."

"साहेब, पण मला जंगलातलं काही येत नाही."

"असं कसं? झाडांची चित्रं काढता की!"

म्हणजे कोर्स झकास झाला तर मास्तरांची नोकरी राहणार, फसला तर रंगपेट्या गोळा करून घरी. एवढं साधं गणित तुम्ही त्यांच्या गळ्यात अडकवलंत आणि फोन घ्यायला वळलात.

मास्तर मात्र घरी गेले ते छाती काढून. भित्रा माणूस एकदा का इरेला पेटला, की त्याला आवरणं कठीण. चपला काढता काढता त्यांनी बायकोला जाहीर केलं, "तू बघच. या पोरांना असं तयार करतो, असं तयार करतो, की डोंगर कोसळला तरी त्यांचा नियम मोडणार नाही!"

"अहो, तुम्हाला घरातला गॅस पेटवायला तीन काड्या लागतात."

"म्हणून तर तुझ्या भावाला बोलावलंय."

भाऊ अग्निशमन दलात. आडदांड, मिशाळ, कुणाच्या घरी जेवायला गेला तरी आधी खिडकीतून उतरायची वाट बघून ठेवणारा. रविवारी तो आला आणि बहिणीलाच सतरंजीवर झोपवून त्यानं मास्तरांची शिकवणी सुरू केली. पायाला लाटणं बांधलं, मानेच्या दोन्ही बाजूंना उशांच्या गुंडाळ्या लावल्या.

"दाजी, एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. जखमी माणसासारखा खोटारडा जगात दुसरा नाही. 'मला काही झालं नाही' म्हणतो, ताडकन उभा राहतो आणि तिथंच कोसळतो. त्याचं ऐकायचं नाही."

"अरे, दूध!" सतरंजीवरून बहीण ओरडली. "दूध उतू चाललंय, सोडा मला!"

"पाहिलंत?" मेहुणा शांतपणे म्हणाला. "ओरडणारच. ऐकायचं नाही."

दूध गेलं. मास्तरांना नियम मात्र पाठ झाले. नाव विचारा, वार विचारा. सांगता आलं नाही तर डोक्याला मार समजा. डोक्याला मार असेल तर पाणी द्यायचं नाही. मान हलू द्यायची नाही. चिडचिड वाढली, तर दुखणं वाढलंय असं धरा. बघ्यांना हाकला, नाहीतर कामाला लावा. आणि गटप्रमुख एकच. त्याच्यावर कोणी नाही. शिक्षकसुद्धा नाही.

हे सगळं मास्तरांनी नववीच्या पोरांना शिकवलं. चित्र शिकवतात तसंच शिकवलं, म्हणजे पुसून पुन्हा, पुसून पुन्हा. पोरं ओल्या लाकडांवर विस्तव पेटवायला शिकली, गढूळ पाणी वाळू-कोळशातून गाळून उकळायला शिकली, वाट चुकली तर धावत न सुटता जागेवर थांबायला शिकली. विस्तवापाशी मास्तरांच्या भुवया जळाल्या, ती गोष्ट वेगळी. पोरांनी लगेच थंड पाणी मारलं, म्हणजे तेही शिकलीच.

मग तुम्हाला प्रात्यक्षिकाची हुक्की आली. विश्वस्तांना सडकेवर खुर्च्या टाकून बसवायचं, आणि खाली उतारावर संचालक स्वतः जखमी होऊन पडणार! मुलं त्यांना झोळीत घालून वर आणणार! फोटो निघणार! तुमच्या सेक्रेटरीनं तर गटप्रमुखही निवडून टाकला. "पुढे एखादी मुलगी ठेवा. बुटकी बघा, म्हणजे साहेब झाकले जाणार नाहीत."

अशी बुटकी वर्गात एकच होती. तिला सगळे कुजबुज म्हणायचे, कारण तिचा आवाज पहिल्या बाकाच्या पलीकडे कधी गेलाच नव्हता. हजेरीला ती "हजर" म्हणायची आणि शिक्षक गैरहजर मांडायचे. मास्तरांनी तिला गळ्यात घालायची शिट्टी दिली, तेव्हा तीही तिनं इतकी हळू वाजवली, की शेजारच्या रेडिओला वाटलं आपलंच नाक वाजलं. रेडिओ म्हणजे वर्गातला अखंड बडबडणारा पोरगा. त्याला सेल लागत नाहीत.

त्या सकाळी गाडीतून उतरून तुम्ही मुलांपुढे भाषण केलंत. आठवतंय? मी आठवण करून देतो.

"मुलांनो, खरंखुरं वाटलं पाहिजे! मी विव्हळेन, ओरडेन, सोडा म्हणेन. अजिबात ऐकायचं नाही! सडकेवर पोचेपर्यंत थांबायचं नाही! कळलं?"

"हो सर!" पोरं एका सुरात म्हणाली.

सडकेवर पोचेपर्यंत. शब्द तुमचे आहेत.

तुम्ही नवे कोरे बूट सांभाळत उतार उतरलात, एक सपाट दगड बघून त्यावर रुमाल टाकलात आणि "आई गं!" केलंत. फोटोवाल्यानं चार बाजूंनी फोटो काढले. कुजबुज गुडघ्यावर बसली, पोरांनी तुमच्या पायाला दोन काठ्या लावून पट्टी गुंडाळली. झकास चाललं होतं. मास्तर बाजूला उभे होते आणि पुढच्या वर्षीचे चित्रकलेचे तास त्यांना समोर लख्ख दिसत होते.

"झालं ना?" तुम्ही फोटोवाल्याला विचारलंत. "चला, सोडा आता. मी चालत वर जातो. विश्वस्त खोळंबलेत."

तुम्ही उठायला गेलात. चार हातांनी तुम्हाला पुन्हा दगडावर निजवलं.

"जखमी म्हणतोय, त्याला काही झालेलं नाही," रेडिओनं वर्दी दिली.

"म्हणणारच," कुजबुज पुटपुटली. मग तुमच्या तोंडाजवळ वाकून तिनं विचारलं, "तुमचं नाव काय?"

"अगं ए, मी कोण आहे माहीत नाही का तुला?"

कुजबुजनं मागे वळून पाहिलं. "नाव सांगता येत नाहीये."

"आज वार कोणता?" रेडिओनं विचारलं.

"बुधवार! आणि बुधवारी मला दुपारी मीटिंग आहे, कळलं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मंगळवार होता, साहेब.

"डोक्याला मार," कुजबुज म्हणाली. "मान बांधा."

गादीवाला गादी बांधतो तशी तुमची मान बांधली. दोन स्वेटर, एक टॉवेल, वरून रेडिओचा कमरपट्टा. तुम्ही पाणी मागितलंत. ओल्या फडक्यानं तुमचे ओठ टिपले. तुम्ही ओरडलात, "एकेकाला शाळेतून काढून टाकीन!" तेव्हा रेडिओनं मान हलवली, "चिडचिड वाढतेय. हातही बांधायला हवेत, नाहीतर पट्टी ओढेल."

तुमचा सेक्रेटरी धावत पुढे आला. "अरे, सोडा साहेबांना! काय चाललंय हे?"

"बघे," कुजबुज म्हणाली. "कामाला लावा."

त्याच्या हातात काठी आली आणि मिनिटभरात तो कडक इस्त्रीच्या पँटीत पुढे पुढे काटे बाजूला सारत चालू लागला. कुणी ठामपणे काम सांगितलं, की ते करायचं, ही सवय त्याला तुम्हीच लावलीत.

आता मास्तरांचं बघा. त्यांच्या खिशात सराव थांबवायची शिट्टी होती. एक लांब शिट्टी, आणि सगळं संपलं असतं. पोरं बाजूला झाली असती, तुम्ही कपडे झटकले असते, मास्तरांनी चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि कदाचित नोकरी वाचली असती. पोरांनी एव्हाना तुम्हाला झोळीत घातलं होतं, आणि तुम्ही तिथून त्यांच्याकडे नुसते बघत नव्हतात, डोळ्यांनी दम भरत होतात.  घराचं भाडं, बायकोची औषधं, पन्नाशीत कोण ठेवून घेणार, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी शिट्टी काढली. ओठांना लावली. छातीत श्वास भरला.

आणि कुजबुजनं त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत जिचा आवाज त्यांनी धड ऐकला नव्हता, ती पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, बघ्यांनी मागे!"

मास्तर मागे झाले. यात शौर्य वगैरे काही नाही, साहेब. माणूस दचकून मागे होतो तसे झाले. पण शिट्टी परत खिशात टाकली ती मात्र त्यांनी स्वतः, समजून उमजून. मोठा माणूस ओरडेपर्यंतच नियम पाळायचा असतो, हा धडा पोरांना त्यांच्या हातून दिला गेला नाही. तेवढंच त्यांचं पुण्य आणि तेवढाच त्यांचा गुन्हा.

झोळी निघाली. मध्ये ओढा लागला; येताना तुम्ही ओलांडलेल्या अरुंद फळीवरून झोळी जाणार नव्हती. पोरांनी तुम्हाला खांद्याच्या वर उचललं, कारण जखमी भिजता कामा नये. तुम्ही कोरडे राहिलात. ती कमरेपर्यंत भिजली. कुणी हात सोडला? कुणी कुरकुर केली? फोटोवाला तेवढा शेवाळावरून घसरून बसला, तर दोघींनी त्यालाही उठू दिलं नाही. "तुमचं नाव काय?" त्यानं बिचाऱ्यानं नाव, पत्ता, वार, सगळं घडाघडा सांगून टाकलं आणि सुटला.

सडकेवर विश्वस्त उभेच राहिले. झोळी खाली ठेवून, ओल्या फ्रॉकमधून पाणी निथळत असताना, कुजबुजनं तुमच्या ड्रायव्हरला सगळी हकीकत सांगितली. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेली.

"जखमी पुरुष, वय पन्नाशीच्या पुढे. डोक्याला मार असावा. स्वतःचं नाव सांगता येत नाही. वार चुकतो. समोर येईल त्याला काढून टाकायच्या धमक्या देतो. पाणी दिलेलं नाही. सांभाळून न्या, काका."

 मग विश्वस्तांमधल्या सगळ्यात वयस्कर बाई म्हणाल्या, "धमक्यांचं जुनंच आहे गं, बाळ. बाकीचं आज कळलं."

जो हशा उठला, तो तुमच्या वर्मी लागला. नाहीतर एवढं काही झालं नव्हतं. पट्ट्या सुटताच तुम्ही गर्जना करायला ताडकन उभे राहिलात. पण इतका वेळ बांधलेल्या पायांना मुंग्या आल्या होत्या. एक पाऊल टाकलंत आणि कोसळलात.

"पाहिलंत!" रेडिओ किंचाळला. "उभा राहतो आणि कोसळतो! धरा!"

त्यांनी तुम्हाला जमिनीवर आपटू दिलं नाही. अलगद झेललं, साहेब. आणि पुन्हा बांधलं.

पुढचं तुम्ही केलंत. कोर्स बंद. चित्रकला बंद. मास्तरांना "उद्यापासून येऊ नका." ते रंगपेट्या घेऊन घरी गेले, तर बायको एवढंच म्हणाली, "दूध उतू गेलं तेव्हाच मला वाटलं होतं." आणि त्यांना चहा टाकून दिला. मास्तर हसले.

पालकसभेत ते नव्हते. त्यांना बोलावलंच नव्हतं. त्यांच्यामागे तुम्ही माइक धरून म्हणालात, मुलं काहीही शिकली नाहीत. तेव्हा मागच्या रांगेत आईशेजारून कुजबुज उठली. माइकशिवाय, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "सर, तुम्हाला खरंच लागलं असतं, तर आम्ही यातलं काय वेगळं करायला हवं होतं?"

तुम्ही म्हणालात, "बस खाली." आणि गणवेशाच्या टायचा विषय काढलात.

टाय गेली खड्ड्यात! पोरीनं साधा प्रश्न विचारलाय, ज्याचा तुमच्या पगाराशी, खुर्चीशी, मीटिंगशी काही संबंध नाही. मुलं शिकली नाहीत म्हणता? मग त्या उतारावर त्यांचं चुकलं काय, तेवढं एक दाखवा. तिच्यासमोर उभं राहून, माइक खाली ठेवून दाखवा. आणि दाखवता येत नसेल तर मास्तरांना कशासाठी घालवलंत ते सांगा.

उत्तर द्या, साहेब.